पिपात सगळ्या मोटारी शहाण्या असतात

"पवता येतं का?"

मिस्तरींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कोण, कुठल्या खात्याचा, काय काम घेऊन आलोय, यातलं काही नाही. हातात पाना, पुढ्यात उघडलेलं ऑइल इंजिन, आणि मान वर न करता हे.

"पोहता नाही येत," मी म्हणालो.

"मला बी न्हाई." आता त्यांनी मान वर केली आणि हसले. "मंग जमल आपलं. पवनारा मानूस मोटारीकडं नीट बघत न्हाई. त्याला वाटतं, पडली बंद तर उडी मारू."

मी तेव्हा तहसील कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून नवीनच लागलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी आजीजवळ राहून शाळा केली, मग बीडला खोली करून बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन, पहिल्या वर्गात. हे मी कुठंही सांगतो. लाजायचं काही कारण नाही. कचेरीतही सांगितलं, आणि तिथंच फसलो. तालुक्याला पुरासाठी एक फायबरची बोट आली होती. तिच्या मागच्या फळीला अडकवायची पेट्रोलची मोटार होती, कागदोपत्री तिला ओबीएम म्हणतात. हे सामान सांभाळायचं कुणी? साहेब म्हणाले, "तुम्ही सायन्सवाले ना? मग तुमच्याकडं."

माझ्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. मी पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे विहिरीचं, तेही काठाला पोटावर पालथं पडून. बोटीचा ताबा घेतला त्या रात्री मला झोप लागली नाही.

मिस्तरींचं दुकान जुन्या एस.टी. अड्ड्याच्या मागं होतं. पत्र्याचं, अंधारं, दारात तेलानं काळी झालेली फरशी. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. ते मूळचे धारूरकडचे, डोंगरातले, म्हणजे पाण्याशी त्यांचाही संबंध माझ्याइतकाच. पण पाण्यातली मोटार, फवारणीचा पंप, ऑइल इंजिन, काहीही बिघडलं की लोक त्यांच्याकडंच आणत. आणि आणताना जरा घाबरतच आणत.

कारण मिस्तरी स्वतः सारखे घाबरलेले असत, आणि ते भ्या ते दुसऱ्याला लावून देत. चालू चाकाच्या समोर ते कधी उभे राहत नसत, कुणाला राहू देत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या जबड्याला लावून ते डोळे मिटत. तसं ऐकताना त्यांचा चेहरा असा होई, की बघणारा एक पाऊल मागं सरके. काढलेले नटबोल्ट जेवणाच्या डब्यात ठेवत, मोजत, आणि झाकण लावण्याआधी पुन्हा मोजत. चहा मागवत, पण मशीन अर्धा तास चालल्याशिवाय पीत नसत. त्यामुळं त्यांनी गरम चहा कधी प्यायला असेल असं मला वाटत नाही.

"दुरुस्त झालं" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. फार तर म्हणत, "आता गप हाय."

डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. कुणी विचारलं की म्हणत, "वहीत हाय, बघा."

ती वही हा त्यांचा खरा नाद. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. काम झालं की ती गिऱ्हाइकापुढं सरकवायची आणि सांगायचं, "काय झालतं ते लिवा. कुनामुळं झालतं ते बी लिवा. मला लिवाय-वाचाय येत न्हाई." मग लोक आपल्याच हातानं लिहीत. 'पाणी नसताना मोटार चालू ठेवली. मी.' 'पेट्रोलच्या जागी डिझेल टाकलं. माझा मेहुणा.' मेहुणा लिहिलं की मिस्तरी विचारत, "काय लिवलं?" आणि ऐकून म्हणत, "मेव्हन्याला घिऊन या, मंग मशीन न्या."

पहिल्या पानावर एकच ओळ होती, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरात. 'पट्टा न काढता हात घातला. बोटं दोन.' कुणा शाळेतल्या पोराकडून लिहून घेतली असेल, असं मला वाटलं होतं.

दुसरा नियम त्याहून कठीण. कागदावर 'चालू आहे' असं ज्यानं लिहायचं, त्यानं मशीन चालताना जवळ उभं राहायचं. बोटीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते मला मे महिन्यात कळलं.

पावसाळ्याआधी मोटार तपासून दाखला द्यायचा होता. मिस्तरींनी प्लग साफ केले, पंखा फिरवून पाहिला, मग लोखंडी पिपात पाणी भरलं आणि मोटार पिपाच्या काठाला अडकवली. कचेरीची पेट्रोलची टाकी मी आणली नव्हती, त्यांनी स्वतःच्या डब्यातून नळी जोडली. दोरी ओढली. पहिल्या झटक्याला चालू. पाणी उसळून आमच्या अंगावर आलं.

"छान," मी म्हणालो. "आणा, सही करतो."

"पिपात सगळ्या मोटारी शान्या असत्यात, बीएस्सी साहेब. हितं तिला काय ओढायचंय? पान्यावर न्या. बोट जोडा, चार मानसं बसवा, पुरी सोडा. मंग कळल."

"धरणावर?"

"मंग काय हौदात?"

मी बघितलं त्यांच्याकडं. त्यांनी बघितलं माझ्याकडं. दोघांनाही भ्या वाटत होतं, पण त्यांना ते चालत होतं आणि मला चालत नव्हतं. मी म्हणालो, वेळ नाही, वरून फोन आहेत. आणि दाखल्यावर लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत, चाचणी घेतली.'

मिस्तरींनी त्यावर काही लिहायला नकार दिला. नुसतं म्हणाले, "तुमी लिवलंय. ध्यानात ठिवा."

भादव्यात धरण भरलं आणि पाली गावाच्या बाजूला पूर-बचावाची रंगीत तालीम ठरली. वरिष्ठ साहेब बोटीत बसले, नारिंगी जॅकेट घालून. काठावर फोटो काढणारे. हळू होती तोवर बोट झकास चालली. साहेबांनी हात वर करून खूण केली, जोरात घ्या. मोटार जोरात झाली, बोटीचं नाक उचललं, आणि अर्ध्या मिनिटात आवाज बसला. जणू कुणी गळा धरला. घरघर, मग गप. साहेबांना वल्हवत आणावं लागलं. काठावर कुणीतरी हसलं, आणि ते साहेबांनी ऐकलं.

गंमत अशी, की तासाभरानं तीच मोटार काठाजवळ बिनतक्रार चालू झाली. हळू चालवली की काही नाही. जोरात घेतली की मरायची.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस. तीन दिवसांत खुलासा, नाहीतर पुढची कारवाई. मी अजून परिवीक्षेत होतो, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती. गावात माझ्या नोकरीचे पेढे दोनदा वाटले गेले होते, एकदा निकालाला, एकदा हजर झाल्यावर. उसाच्या फडात आई इतर बायकांना सांगायची, माझा लेक कचेरीत हाय. मला तो फड दिसायला लागला. कोयता दिसायला लागला.

मोठे बाबू म्हणाले, "घाबरता काय? त्या मिस्तरीवर टाका. मे महिन्यात त्यानंच उघडली होती ना?"

मी बसलो आणि माझ्या चांगल्या अक्षरात खुलासा लिहिला. 'संबंधित मिस्त्रीने दुरुस्ती योग्य प्रकारे न केल्यामुळे सदर यंत्रात दोष निर्माण झाला असून, त्यास यापुढे शासकीय काम देऊ नये.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. घडी घालून खिशात ठेवला.

द्यायच्या आधी एकदा मोटार तपासून घ्यावी, म्हणजे खुलाशाला बळ येईल, म्हणून मी मिस्तरींना धरणावर बोलावलं. ते आले. एस.टी.नं, पिशवीत पाने आणि ती वही घेऊन. आल्या आल्या दोन जॅकेटं मागितली आणि एकावर एक घातली; माझ्या अंगात एक होतंच. मग काठावरच्या लिंबाला नायलॉनचा लांब दोर बांधला आणि दुसरं टोक बोटीच्या कडीला. काठावर एक भोई होता, धरणात जाळी टाकणारा. त्याला म्हणाले, "दोर सुटत चालला की मोठ्यानं वरडायचं बे. बिडी पीत बसायचं न्हाई."

"मिस्तरी, दोरानं बांधून कोन बोट चालवतं?" भोई हसला. "शेरडू हाय व्हय?"

"शेरडू न्हाई. आमी दोघं हावोत."

मग मला म्हणाले, "टाकीला कुनी हात लावलाय?"

"कुणी नाही. कुलपात होती, किल्ली माझ्याकडं."

"तुमी?"

"मी कशाला लावू?"

त्यांनी झाकणावरचा हवेचा बारका स्क्रू फिरवून पाहिला. उघडा होता. मान हलवली. पंख्याला शेवाळ नव्हतं, नळी कुठं मुडपली नव्हती. पाण्याकडं एकदा बघून म्हणाले, "खिशात कागद असल तर काढा. भिजल."

मी खुलासा काढला. मोबाईल आधीच भोयाकडं दिला होता. मिस्तरींनी कागद हातात घेतला, उघडला, बराच वेळ धरून बसले, मग पुन्हा तशीच घडी घातली. पिशवीतून पाने गुंडाळायचा प्लास्टिकचा तुकडा काढून त्यात नीट बांधला आणि माझ्या जॅकेटच्या आत खोचून दिला. मला काही वाटलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं.

"बसा फुडं," ते म्हणाले.

काठ सुटला तेव्हा माझ्या मांड्या आपोआप एकमेकींना चिकटल्या. धरण काठोकाठ होतं. उजव्या हाताला सांडव्यावरून पाणी जात होतं. ते दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता, लांबून गिरणी चालल्यासारखा. आम्ही हळू गेलो. मोटार गुणी लेकरासारखी. जोर द्यायला लागलो तेवढ्यात मागून भोयाची आरोळी, "दोर संपलाऽ"

मिस्तरींनी मोटार हळू केली. बोट दोराला ताण देऊन थांबली. ते पुढच्या पाण्याकडं बघत बसले. मी काठाकडं.

"हिचं दुखनं दोराच्या भाईर हाय," शेवटी ते म्हणाले. "हितं न्हाई घावायचं."

"मग राहू द्या की. परत जाऊ."

"तुमाला भ्या वाटतंय का?"

"वाटतंय."

"मला तुमच्यापक्षा जास्ती वाटतंय." आणि वाकून त्यांनी कडीतली गाठ सोडली.

दोराचं टोक पाण्यात सळसळत गेलं. मी ते अजून विसरलेलो नाही. हिरवं टोक, सापासारखं वळत, आमच्यापासून लांब.

त्यांनी मोटार पुरी सोडली. नाक उचललं, पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. मी दोन्ही हातांनी कड धरली होती, बोटं पांढरी पडलेली. मनात मोजत होतो. एकवीस, बावीस. तिसाच्या आत आवाज बसला. घरघर. बोटीचं नाक खाली आलं. मोटार मेली.

मग सगळीकडून तो गिरणीसारखा आवाज. आता लांबून नाही. बोट आपोआप आडवी झाली आणि उजवीकडं सरकायला लागली, सावकाश, जणू तिला कुणी बोलावलं होतं.

"मिस्तरी, सांडवा."

"दिसतोय. वल्हं घ्या."

"मला येत नाही."

"मला तरी कुटं येतं? पान्यात घाला आन ओढा. काठाकडं तोंड न्हाई, पाठ करा. पाठ!"

मी ओढायला लागलो. एक वल्हं पाण्यात, एक हवेत. काठ जवळ येत नव्हता. घशातून कसला तरी आवाज निघत होता, तो माझाच होता हे थोड्या वेळानं कळलं. आई आठवली नाही, देव आठवला नाही. जॅकेटच्या आत खोचलेला कागद मात्र छातीला टोचत होता. वाटलं, आपण गेलो तर प्लास्टिकमुळं हा तेवढा कोरडा सापडणार.

मिस्तरी दोरी ओढत नव्हते. मला वाटलं, भ्यानं गार झाले. पण ते बघत होते. नळीच्या मधोमध एक रबरी फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल पुढं सरकतं. तो फुगा चपटा झाला होता, सुकलेल्या बोरासारखा. त्यांनी तीन बोटांनी तो चाचपला. मग नजर नळीवरून मागं टाकीवर नेली. लाल प्लास्टिकच्या टाकीचे दोन्ही गाल आत ओढले गेले होते.

"हिला दम घिऊ देत न्हाई कुनीतरी," ते अगदी हळू म्हणाले. "पेट्रोल भाईर जातंय, हवा आत येत न्हाई. हळू चालली तर भागतं. पळाय लागली की दम कोंडतो."

त्यांनी झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली आणि टाकीचे गाल टपकन बाहेर आले. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता. दुहेरी, वर सुतळीचे तीन वेढे, गाठ पक्की.

माझी गाठ.

फडावर निघताना आई रॉकेलच्या डब्याच्या तोंडावर असंच प्लास्टिक बांधून वर झाकण पिळायची, म्हणजे गाडीत हिंदकळून सांडू नये. आमच्याकडं सगळेच बांधतात. जूनमध्ये कचेरीच्या कोठीत पेट्रोलचा वास यायला लागला, शेजारचे बाबू कुरकुरले, तेव्हा मीही बांधलं होतं. चांगलं घट्ट. यालाच 'हात लावणं' म्हणतात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हवेचा दाब हा प्रश्न मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेला माणूस.

मिस्तरींनी तुकडा काढून खिशात घातला. फुगा चारदा दाबला, तो कडक झाला. दोरी ओढली. नाही लागली. पुन्हा ओढली. सांडव्याची भिंत आता दिसत होती, तिच्यावरून पाणी काचेसारखं वाकत होतं. तिसऱ्यांदा ओढली आणि मोटार लागली. त्यांनी पुरी सोडली. मी मोजत होतो. तीस. चाळीस. साठ. आवाज बसला नाही.

काठाला लागल्यावर मला उतरता येईना. भोयानं काखेत हात घालून उतरवलं. मिस्तरी जमिनीवर बसले आणि दोन्ही जॅकेटं घातलेल्या छातीवर हात ठेवून खूप वेळ नुसता श्वास घेत राहिले. तो तुकडा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून वही काढली, पेन काढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं.

मी लिहिलं, 'टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिक बांधले. मी.' माझं अक्षर मलाच ओळखू येत नव्हतं.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं." आणि एस.टी. धरून निघून गेले.

जॅकेटातला कागद कोरडा होता. तो तसाच दिला असता तरी चालणार होतं. वही त्यांच्या दुकानात होती आणि तिथं कुठला साहेब जाणार होता? अख्खा एक दिवस मी तो कागद पुढ्यात घेऊन बसलो. पाण्यात होतो त्याहून जास्त भ्या मला त्या दिवशी वाटलं, कारण इथं वल्हं मारायला कुणी सांगत नव्हतं. संध्याकाळी तो फाडला आणि दुसरा लिहिला. चाचणी पिपात घेतली, धरणावर घेतली नाही. दाखला मी लिहिला. प्लास्टिक मी बांधलं. मोटारीत दोष नाही, मिस्त्रीचा दोष नाही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. नोकरी गेली नाही, परिवीक्षा सहा महिने वाढली आणि सेवापुस्तकात ठपका आला. तो अजून आहे. ती बोट त्यानंतर दोनदा खऱ्या पुरात गेली. दोन्ही वेळा मी पुढं बसलो, झाकण उघडून बघून, आणि दोन्ही वेळा तितकाच घाबरलेला.

खुलासा दिला त्याच दिवशी मी त्याची प्रत घेऊन मिस्तरींच्या दुकानात गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो. ते एका फवारणीच्या पंपावर वाकले होते. म्हणालो, "मिस्तरी, वाचून दाखवू का?"

"वाचा की."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. मग पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि कागद माझ्याकडून घेतला. ओळीवरून तीन बोटं फिरवत खाली गेले.

"ह्यात अक्षर बिघडलंय तुमचं," ते म्हणाले. "बोटीवर बसताना व्हता त्यो कागद लई सुवाच्य व्हता."

वही फळीवर उघडीच होती, पहिलं पान वर. 'पट्टा न काढता हात घातला. बोटं दोन.' ते वाकडंतिकडं अक्षर मी आता नीट बघितलं. शाळेतल्या पोराचं नव्हतं ते.

"त्यो वाचूनसुदिक तुमी दोर सोडला?"

मी कधी नव्हे ते त्यांच्या भाषेत बोललो होतो. त्यांनी फळीवरचा चहा उचलला. नेहमीप्रमाणं गार झालेला.

"मंग दुखनं कसं घावलं असतं?" ते म्हणाले, आणि प्यायले.